मागितलं की द्यायचं: वर्कर, फॉर अवेट आणि सोसायटीची सभासद-यादी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका सोसायटीच्या यादीतली दुबार नावं शोधायचं काम माझ्याकडे आलं. त्यातून ब्राउझरच्या वर्करबद्दल जे हाती लागलं ते लिहून ठेवतोय. जावास्क्रिप्ट थोडीफार येते अशांसाठी आहे हे. कोड चिकटवत नाही, रचना सांगतो. रचना कळली की कोड दोन पानांत बसतो.

आधी यादीविषयी, कारण सगळी गंमत तिथंच आहे. तालुक्याचा पश्चिम भाग, जांबोटी-कणकुंबीकडचा, मराठी बोलतो. पूर्वेला बिडी, इटगी, कक्केरीकडं गेलं की कन्नड. सभासदाचं नाव काउंटरवर कुणी लिहून घेतलं, त्यावर ते कुठल्या लिपीत पडणार हे ठरतं. एकच पाटील मराठीत एका खात्यावर, कन्नडमध्ये दुसऱ्या आणि इंग्रजीत तिसऱ्या. इंग्रजीत परत कुणाला एक ई पुरते, कुणाला दोन लागतात. पत्त्यांचंही तेच. बेळगाव शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्यामुळं त्याआधीची खाती एका स्पेलिंगची आणि नंतरची दुसऱ्या.

कन्नड नाव देवनागरीशी जुळवणं मात्र वाटतं तेवढं अवघड नाही. युनिकोडमध्ये दोन्ही लिप्यांची मांडणी एकाच साच्यातली, भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की या जुन्या संकेतपद्धतीची आहे. कन्नड अक्षराच्या क्रमांकातून ८९६ वजा केले की त्याच उच्चाराचं देवनागरी अक्षर मिळतं. कन्नड क ३२२१, आपला क २३२५. ळ सुद्धा बरोबर ळ वर येऊन बसतो. फक्त कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ वेगळे आहेत, ते आपल्याकडच्या साध्या एकार-ओकारात बदलून घ्यायचे, आणि शेवटच्या व्यंजनाला कुणी हलन्त लावलेला असतो, कुणी नाही, तो काढून टाकायचा. एवढ्यावर निम्मी नावं जुळायला लागतात. उरलेल्यांसाठी दोन नावांत किती अक्षरांचा फरक आहे ते मोजावं लागतं, आणि ते प्रत्येक जोडीसाठी.

इथं गणित आडवं येतं. यादी बारा हजारांची धरली तर जोड्या होतात सुमारे ७ कोटी २० लाख. गावानुसार आधी गट पाडले तर हा आकडा बराच खाली येतो, आणि ते करायचंच. पण पत्त्याचीच स्पेलिंगं तीन तऱ्हेची असली की गटांवर किती विश्वास टाकणार?

सोसायटीची अट एकच होती. यादी ऑफिसच्या मशीनबाहेर जाता कामा नये. सर्व्हरवर चढवायची नाही, ढगात नाही, माझ्या लॅपटॉपवर तर नाहीच. रास्त अट आहे, लोकांच्या ठेवी आहेत त्यात. म्हणजे सगळं काम ब्राउझरच्या पानातच व्हायला हवं. पान उघडायचं, फाइल निवडायची, तिथल्या तिथं हिशेब.

पानाचं दाखवणं, बटणं, स्क्रोल आणि तुमचा जावास्क्रिप्ट हे सगळं एकाच थ्रेडवर चालतं हे आता बहुतेकांना माहीत आहे. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या स्क्रीनवर एका चित्रासाठी साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास मिळतात. त्यात सात कोटी तुलना घुसवल्या की पान दगड होतं. सोसायटीत याआधी कुणीतरी करून दिलेला एक प्रोग्राम होता, त्याचं हेच व्हायचं. तिथल्या वरिष्ठ लेखनिक, ज्यांना सगळा स्टाफ अक्का म्हणतो आणि आता मीही म्हणतो, त्यांनी पहिल्याच दिवशी मला तो दाखवला. "तम्मा, हे हलंनाच बघ. चाललंय का मेलंय तेच कळंना."

यावरचं औषध जुनं आहे. वेब वर्कर २००९ पासून ब्राउझरांत आहेत. वर्कर म्हणजे वेगळ्या थ्रेडवर चालणारी वेगळी स्क्रिप्ट. तिला पान दिसत नाही, बटणं दिसत नाहीत आणि तुमचे व्हेरिएबल तर अजिबात दिसत नाहीत. दोघांत संबंध फक्त निरोपांचा. पोस्टमेसेजनं निरोप टाकायचा, पलीकडं मेसेज इव्हेंट येतो. पाठवलेल्या वस्तूची स्ट्रक्चर्ड क्लोन पद्धतीनं नक्कल होते. आकडे, मजकूर, अरे, मॅप सगळं जातं. फंक्शन जात नाही, पानातला एलिमेंट जात नाही, जनरेटर, म्हणजे मागेल तशी एकेक वस्तू काढून देणारी गोष्ट, तोही जात नाही. पाठवायला गेलात तर डेटाक्लोनएरर तोंडावर येते.

साधी पद्धत अशी की वर्करला "सुरू कर" म्हणायचं आणि तो सापडेल ती जोडी पाठवत राहतो. पान ती पडद्यावर लावतं. पान अडकत नाही, आणि बहुतेक लेख इथंच संपतात.

पण अक्कांचं काम वेगळं होतं. प्रत्येक जोडी कुणीतरी बघायला हवी. नाव, वडिलांचं नाव, गाव, सही सारखी दिसते का, खातं कधी उघडलं. कधी अक्का नुसतं नाव बघून सांगतात, कारण तो माणूस त्यांच्या गल्लीतला असतो. कधी कपाटातून जुनं रजिस्टर काढावं लागतं. पडद्यावर जोड्यांचा पाऊस पडायला लागला तेव्हा त्यांनी हात वर केले. "सगळं एकदम टाकू नको गा. एकेक दे. बघून सांगते."

या वाक्यात अख्खं असिंक्रोनस इटरेशन आहे, म्हणून मी त्यावर एवढा वेळ घालवतोय.

आमच्याकडं साखर कारखान्यांची कमी नाही, तेव्हा हे उसावरून लगेच कळेल. कारखान्याची तोड आल्यावर ऊस तोडला तर तो काट्यावरून सरळ गव्हाणीत जातो. तोड यायच्या आधीच तोडून ट्रॉल्या भरल्या तर त्या गाडीतळावर उभ्या राहतात, ऊस वाळतो, वजन घटतं. पोस्टमेसेज ही दुसरी पद्धत आहे. पाठवणारा ठरवतो कधी पाठवायचं, आणि घेणारा रिकामा नसेल तर रांग वाढत जाते. ती रांग मेमरीत असते आणि तिला मर्यादा नसते. असिंक इटरेटर ही पहिली पद्धत. घेणारा नेक्स्ट म्हणतो, तेव्हा त्याला एक प्रॉमिस मिळतं, आणि पुढची वस्तू तयार झाली की ते पुरं होतं. आत दोनच गोष्टी असतात, व्हॅल्यू आणि डन.

हे भाषेत आलं २०१८ च्या आवृत्तीत. फॉर अवेट हा लूप आणि असिंक जनरेटर, दोन्ही तेव्हाचेच. क्रोममध्ये ६३ व्या आवृत्तीपासून आणि फायरफॉक्समध्ये ५७ पासून चालतं. आवृत्त्या मुद्दाम सांगतोय, कारण सोसायटीचं मशीन विंडोज ७ चं आहे आणि त्यावर क्रोम १०९ च्या पुढं जात नाही. असली मशीनं इथल्या कितीतरी ऑफिसांत आहेत. ब्राउझर नवीनच असणार असं धरून लिहिणाऱ्यांनी एकदा तालुक्याच्या गावात येऊन बघावं.

तर रचना. वर्करच्या आत एक जनरेटर, जो जोडी सापडली की यील्ड करतो. तो जनरेटर उचलून पानाकडं पाठवता येत नाही, म्हणून पानाच्या बाजूला त्याच्या नावाचा एक मुखत्यार बसवायचा. हा मुखत्यार बाहेरून असिंक इटरेटर दिसतो. त्याला कुणी नेक्स्ट म्हटलं की तो वर्करला "पुढचं" असा निरोप टाकतो आणि प्रॉमिस देऊन मोकळा होतो. वर्कर आपल्या जनरेटरला एक पाऊल पुढं ढकलतो आणि व्हॅल्यू-डन परत पाठवतो. उत्तर आलं की प्रॉमिस पुरं. निरोपांसाठी मेसेजचॅनेल, म्हणजे दोन टोकांची (पोर्टांची) वेगळी वाट, काढून त्याचं एक पोर्ट वर्करकडं सोपवावं, म्हणजे त्याच वर्करशी दुसरी बोलणी चालू असली तरी एकमेकांत मिसळत नाहीत. पोर्टवर ॲडइव्हेंटलिसनर वापरला तर स्टार्ट स्वतः म्हणावं लागतं, ऑनमेसेज लावला तर आपोआप सुरू होतं. या एका ओळीवर लोक दुपारच्या दुपार घालवतात.

आता पानातला कोड वाचायला इतका सरळ होतो: प्रत्येक जोडीसाठी, ती दाखव, अक्कांच्या उत्तराची वाट बघ, नोंद कर. लूपच्या आत अवेट आहे आणि अक्का रजिस्टर काढायला गेल्या तर लूप तिथंच थांबतो. लूप थांबला म्हणून पुढचं नेक्स्ट जात नाही, नेक्स्ट गेलं नाही म्हणून वर्कर गप्प. दुपारचं जेवण होईपर्यंत मशीनचा पंखासुद्धा वाजत नाही. यासाठी वेगळी रांग नाही, मोजणी नाही, "थांब" आणि "चालू दे" चे झेंडे नाहीत.

एक उणीव राहते. अक्का जोडी बघत असताना वर्कर रिकामा बसतो, आणि त्यांनी उत्तर दिलं की पुढची जोडी शोधायला लागतो. दोन दुबार नावांच्या मध्ये लाखो तुलना असू शकतात. म्हणजे आता अक्का वाट बघणार. यावर उपाय म्हणजे थोडी उधारी. सुरुवातीलाच मुखत्यारानं पाच वेळा "पुढचं" म्हणून ठेवायचं, आणि एक जोडी खर्ची पडली की अजून एक मागायची. पाचाच्या वर कधीच साठत नाहीत, आणि हाताशी जोडी नाही असंही सहसा होत नाही. आकडा कामावर ठरवावा. माणूस बघणार असेल तर पाच पुष्कळ. पलीकडं मशीनच असेल तर एका निरोपात पन्नास वस्तू एकत्र पाठवणं जास्त परवडतं.

उधारीमुळं दुसरा एक गुंता येतो, आणि मला वाटतं या सगळ्यातला खरा विचार इथं आहे. अक्का म्हणाल्या "हे दोघं एकच", तर वर्करला ते कळायला हवं. त्यातलं एक नाव यादीतून बाद करून पुढच्या कितीतरी तुलना वाचतात. जनरेटरला उत्तर परत देण्याची सोय भाषेत आहे, नेक्स्टमध्ये किंमत द्यायची आणि ती यील्डच्या जागी उगवते. पण फॉर अवेट कधीच नेक्स्टमध्ये काही देत नाही. रिकामंच बोलावतो. म्हणजे एक तर लूप हातानं लिहायचा, नाही तर उत्तर वेगळ्या निरोपानं पाठवायचं. मी दुसरं निवडलं. एका पोर्टवरचे निरोप पाठवल्या क्रमानंच पोचतात, त्यामुळं आधी "उत्तर" आणि मग "पुढचं" असं टाकलं की वर्कर शिळ्या माहितीवर चालत नाही. आधीच उधारीवर येऊन पडलेल्या जोड्यांत बाद झालेलं नाव असेल, तर ती जोडी मुखत्यार गाळतो. शुद्धतावादी म्हणतील की हा इटरेटर राहिला नाही. न राहू दे.

आता थांबवण्याविषयी. लूपमधून ब्रेक घेतला की भाषा स्वतःच इटरेटरचं रिटर्न बोलावते. मुखत्यारानं ते वर्करला कळवायचं, वर्करनं जनरेटरचं रिटर्न बोलवायचं, जनरेटरमधला फायनली चालतो, पोर्ट बंद होतं. लूपच्या आत चूक फेकली गेली तरी हेच घडतं. अक्का जोडी बघता बघता "आज पुरे" म्हणाल्या तर सगळं स्वच्छ.

पण पुढची जोडी यायची वाट बघत असताना त्या "आज पुरे" म्हणाल्या तर? लूप त्या क्षणी आत नाही, तो अवेटवर अडकलेला आहे. ब्रेक म्हणणार कोण? म्हणून "बंद" बटणाला लूपबाहेरून जाणारी स्वतंत्र वाट लागते. चालू काम रद्द करायचा सिग्नल देणारा अबॉर्टकंट्रोलर पानात ठेवायचा, पण त्याचा सिग्नल वर्करला पाठवता येत नाही, क्लोन होत नाही तो. तेव्हा "थांब" असा निरोप टाकायचा आणि वर्करच्या आत दुसरा कंट्रोलर ठेवून तो अबॉर्ट करायचा. निरोप आल्यावर जनरेटरचं रिटर्न बोलवून भागेल असं वाटतं, पण असिंक जनरेटर आपल्याकडं आलेल्या मागण्या रांगेत लावतो. आधीचं नेक्स्ट पुरं झाल्याशिवाय रिटर्नकडं बघत नाही. आतल्या लूपनंच मधून मधून सिग्नल तपासायला हवा.

आणि त्याच्याही आधी, "थांब" हा निरोप वर्करला ऐकू तर यायला हवा. वर्करचाही इव्हेंट लूप, म्हणजे आलेली कामं एकेक करून उचलणारी फेरी, एकच. तो तुलनांत बुडालेला असताना निरोप दाराशी पडून राहतात. लोक म्हणतात, मग मध्ये एक अवेट टाक की. टाकलं, आणि ते पुरं झालेल्या प्रॉमिसवर टाकलं, तर काहीही फरक पडत नाही. तशा अवेटनंतरचं काम मायक्रोटास्क म्हणून लागतं, आणि सगळे मायक्रोटास्क उरकल्याशिवाय इव्हेंट लूप पुढच्या निरोपाकडं वळतच नाही. दिसायला वर्कर दम घेतोय, प्रत्यक्षात दारही उघडलेलं नाही. खरी उसंत हवी तर सेटटाइमआउट शून्यावर अवेट करायचं, म्हणजे तो पूर्ण वेगळा टास्क होतो आणि मधल्या फटीत निरोप आत येतात.

त्यातही एक मेख आहे. सेटटाइमआउट एकात एक काही वेळा झाला की ब्राउझर शून्याचे किमान ४ मिलिसेकंद करतो. बारा हजार ओळींत प्रत्येक ओळीला उसंत घेतली तर नुसत्या थांबण्यातच ४८ सेकंद जातात. म्हणून ओळी मोजू नयेत, घड्याळ बघावं. परफॉर्मन्सनाऊ वर्करमध्येही मिळतं. दर ५० मिलिसेकंदांनी एकदा थांबलं की "बंद" बटण दाबल्या दाबल्या काम थांबल्यासारखं वाटतं, आणि वेगही फारसा जात नाही. त्याच थांब्यावर किती ओळी झाल्या तेही पानाकडं पाठवतो. अक्कांच्या "चाललंय का मेलंय" चं उत्तर तिथं आहे.

टर्मिनेट हा तोडगाही आहेच. वर्कर जागच्या जागी मारला जातो, फायनली वगैरे काही चालत नाही. पान बंद करताना ठीक आहे. अर्धवट निकाल हवा असेल तर नाही. शेअर्डअरेबफरमध्ये एक झेंडा ठेवून दोन्ही बाजूंनी तो वाचणं सगळ्यात जलद, पण प्रोसेसरमधल्या स्पेक्टर या सुरक्षेच्या भगदाडाच्या भानगडीनंतर २०१८ च्या जानेवारीत ब्राउझरांनी ते बंद केलं आणि पुढं परत दिलं ते सर्व्हरनं खास हेडर पाठवले तरच. एका थांबवायच्या बटणासाठी ते सगळं ओढवून घ्यायची माझी तयारी नव्हती.

चुकांचं थोडक्यात. वर्करमध्ये काही फुटलं तर पानातलं प्रॉमिस आपोआप नाकारलं जात नाही, ते वाटच बघत बसतं. त्यातून फुटलेली गोष्ट प्रॉमिसमधली असेल तर पानातल्या वर्करच्या ऑनएररलाही त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून वर्करमध्ये प्रत्येक पाऊल ट्राय-कॅचमध्ये घ्यायचं आणि चूक हाही एक निरोप म्हणून पाठवायचा. एरर वस्तू क्लोन होते, पण तिला तुम्ही जोडलेले जादा रकाने वाटेत गळू शकतात. मी साधा मजकूर पाठवतो: चुकीचा प्रकार, यादीतली ओळ.

फाइल वाचायचं कामही वर्करकडंच दिलं. निवडलेली फाइल निरोपातून सरळ जाते, आतला मजकूर उचलून न्यावा लागत नाही. ती तुकड्या-तुकड्यांनी वाचायची तर स्ट्रीमवर थेट फॉर अवेट लावणं सगळ्यात सोपं. पण ते क्रोममध्ये १२४ पासून आहे आणि आपलं मशीन १०९ वर. म्हणून गेटरीडर घेऊन त्याभोवती स्वतःचा असिंक जनरेटर गुंडाळायचा, दहा ओळींचं काम. लक्ष ठेवायची जागा दुसरी आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं आणि कन्नडचंही प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइटचं. तुकडा कुठंही तुटतो, त्याला काय त्याचं. एक बाइट या तुकड्यात आणि दोन पुढच्यात गेले, की नावाच्या मध्येच काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं. इंग्रजी फाइलवर चाचणी घेणाऱ्याला हे जन्मात दिसणार नाही. बाइटांचा मजकूर करणारा टेक्स्टडिकोडर एकच ठेवायचा आणि प्रत्येक वेळी स्ट्रीम हा पर्याय खरा करून द्यायचा, तो उरलेले बाइट पुढच्या तुकड्यासाठी धरून ठेवतो.

आयत्या लायब्रऱ्या आहेत. क्रोमवाल्या मंडळींची कॉमलिंक चांगली आहे, पलीकडचं एखादं फंक्शन इकडून बोलवायचं असेल तर मी तीच घेईन. इथं उधारी, उत्तरं आणि थांबवणं तिन्ही हवं होतं, म्हणून हातानं लिहिलं.

मित्रानं सुचवलं की दोन वर्कर लावून यादी वाटून दे. करता येतं: दोन मुखत्यार, दोघांची नेक्स्ट एकाच वेळी मागायची आणि प्रॉमिसरेसनं आधी येईल ती जोडी उचलायची. दुसऱ्याचं प्रॉमिस टाकून द्यायचं नाही, पुढच्या फेरीसाठी तेच धरून ठेवायचं, नाही तर त्याची जोडी हरवते. पण कोर किती ते सांगणारी हार्डवेअरकन्करन्सी त्या मशीनवर २ सांगते, आणि त्यातला एक कोर पानाला हवाच. शिवाय उशीर होतोय तो जोडी शोधण्यात नव्हे, रजिस्टर काढण्यात. दुसरा वर्कर लावला नाही. अक्कांना आता त्या जोड्या गावावार लावून छापून हव्या आहेत, आणि छपाईचं सीएसएस हा वेगळाच विषय आहे.